बर्फातलं ऊन

'गॉगल' या शब्दाची आपल्याकडे थोडी बदनामीच झालेली आहे. गॉगल म्हणजे काळा चष्मा. आणि तो लावणारा म्हणजे एक तर सिनेमातला हिरो, नाहीतर एस.टी. स्टँडवर उगाच कट्टा धरून बसलेला, नाहीतर नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला. साध्या माणसाने उन्हात डोळ्यांना काही लावायचं असतं, हे माझ्या लहानपणी कुणाच्या मनातसुद्धा येत नसे. ऊन बाधू नये म्हणून डोक्यावर टोपी, पदर, टॉवेल, खिशात कांदा. डोळे आपले उघडेच. ते किलकिले करून घेतले की झालं!

लेकीकडे अमेरिकेत गेल्यावर कळलं की तिथे गॉगल ही वेगळीच चीज आहे. आपल्या काळ्या चष्म्याला ते लोक सनग्लासेस म्हणतात. गॉगल म्हणजे डोळ्यांना चहूबाजूंनी बंद करणारी, मागून पट्ट्याने आवळायची खोळच. पोहणाऱ्यांचा वेगळा आणि बर्फावर स्की करणाऱ्यांचा वेगळा. हा दुसरा इतका मोठा असतो की कपाळापासून गालापर्यंत अर्धा चेहरा त्याच्या आत जातो. पहिल्यांदा नातवाच्या खोलीत तो खुंटीला लटकलेला पाहिला तेव्हा मला वाटलं, हे काहीतरी कारखान्यातलं असणार.

माझी लेक डेन्व्हरजवळ राहते. २०२३ साली फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत मी तिच्याकडे होते. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला, त्यामुळे नव्या गावी गेलं की आधी त्याची उंची आणि अक्षांश बघायची खोड आहे. डेन्व्हरला 'मैलभर उंचीवरचं शहर' म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. ५२८० फूट, म्हणजे १६०९ मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच टोकावर आपण धापा टाकत पोचतो, जवळजवळ तेवढ्या उंचीवर तिथे लोक भाजी आणायला जातात! तिथून पश्चिमेला मोटारने तास-सव्वा तास गेलं की रॉकी पर्वताचा कणा लागतो. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशीच लव्हलँड नावाची स्की करायची जागा आहे. तिचा पायथाच १०,८०० फुटांवर आणि माथा १३,०१० फुटांवर. मीटरमध्ये म्हणाल तर ३९६५. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर जवळजवळ सातशे मीटर उरतात.

हे आकडे मी उगाच सांगत नाही. पुढे जे झालं त्यात त्यांचा हात आहे.

मार्चअखेरची गोष्ट. शाळेला सुटी होती. माझा नातू तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मित्राच्या घरच्यांबरोबर तो दिवसभर लव्हलँडला स्की करायला गेला. मी घरीच होते. माझे गुडघे त्या आठवड्यात संपावर होते. दिवस ढगाळ होता, पण दाट ढग नव्हे. आपल्याकडे पोहे पसरावेत तसे पातळ, पांढरे. सूर्य कुठे आहे हे कळावं पण त्याची सावली पडू नये, असं. संध्याकाळी पाचला स्वारी परत आली ती खुशीत. गाल लाल झालेले. जेवला, बहिणीशी भांडला, वरच्या खोलीत गेला. सगळं नेहमीसारखं.

रात्री दहाच्या सुमारास तो खाली आला तो भिंतीला हात लावत. म्हणाला, "आजी, डोळ्यांत वाळू गेलीय." मी म्हटलं चोळू नकोस, पाणी मारू. स्वयंपाकघरातला दिवा लावला मात्र, तो ओरडलाच. दोन्ही हातांनी डोळे झाकून खाली बसला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पापण्या सुजलेल्या, आणि उघडायला सांगितलं तर उघडताच येईनात. पाण्याने काही होईना. लेक आणि जावई दोघंही धावत आले. तिकडे रात्री-अपरात्री फोनवर सल्ला देणारी नर्स असते, तिला लेकीने फोन लावला. तिने तीन प्रश्न विचारले. आज बाहेर होता का? बर्फावर होता का? गॉगल लावला होता का?

गॉगल होता. पण कुठे होता, तर हेल्मेटवर. नातवाला नंबरचा चष्मा आहे. चष्म्यावर गॉगल चढवला की आत श्वासाची वाफ साठते, काचा धुरकट होतात आणि समोरचं काही दिसत नाही. मग दुपारभर त्याने तो वर सरकवून ठेवला होता. ऊन तर नव्हतंच, मग कशाला हवा? असा त्याचा हिशेब. खरं सांगायचं तर त्याच्या जागी शंभर माणसं असती तर नव्वदांनी हाच हिशेब केला असता.

याला स्नो ब्लाइंडनेस म्हणतात. आपण हिमांधत्व म्हणू. आंधळेपण हा शब्द ऐकून छातीत धस्स होतं, तसं आमच्या सगळ्यांच्या झालं. नातू तर काही बोलेनाच. आईबाप शेजारच्या खोलीत फोनवर होते तेव्हा मात्र त्याने हळूच विचारलं, "आजी, परत दिसेल ना?" आता तो एरवी माझ्याशी इंग्रजीमिश्रित बोलतो. हे वाक्य मात्र शुद्ध मराठीत आलं. मी 'दिसेल' म्हटलं. नर्सने तसं सांगितलं होतं म्हणून म्हटलं, पण सांगितलं नसतं तरी तेच म्हटलं असतं.

सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बोलायला फार चांगल्या होत्या. त्यांनी आधी डोळ्यांत बधिर करणारा थेंब टाकला. एका मिनिटात पोराने डोळे उघडले आणि हसला! मग एक पिवळा-केशरी रंग घातला आणि निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावर पारदर्शक पडदा असतो ना, घड्याळावरच्या काचेसारखा, त्याच्यावर टाचणीने टोचल्यासारखे हिरवे ठिपकेच ठिपके चमकत होते. जिथे वरचा थर मेला तिथे तो रंग धरतो. बाई म्हणाल्या, उन्हात भाजून कातडी सोलते ना, तेच हे, फक्त डोळ्यांवर. वरच्या पेशी मरतात आणि गळून पडतात, खालचे मज्जातंतू उघडे पडतात. त्या जागी संवेदना इतकी दाट असते की धुळीचा कणसुद्धा सहन होत नाही. त्यामुळे ही आग. पण त्या पेशी फार वेगाने परत वाढतात. एक-दोन दिवसांत सगळं ठीक होईल. काळोखात राहा, थंड पाण्याच्या घड्या ठेवा, अश्रूंसारखे थेंब घाला, चोळू नका.

नातवाने तो बधिर करणारा थेंब घरी मागितला. त्या 'नाही' म्हणाल्या. दुखणं थांबतं खरं, पण त्याने नवी कातडी यायला वेळ लागतो, आणि बधिर डोळ्यात काही गेलं तर कळतही नाही. डोळ्याला आणखी इजा होते. म्हणून तो थेंब फक्त तपासणीपुरता. हे मला पटलं. दुखणं हाही एक पहारेकरीच.

आता माझ्या मनात जो प्रश्न आला तो तुमच्याही आला असेल. इतकं भाजलं, तर तेव्हा कळलं कसं नाही? विस्तवाला हात लागला की आपण लगेच मागे घेतो. यातली खरी गोम हीच आहे. ज्या किरणांनी हे होतं ते अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला गरमही लागत नाहीत. आणि त्यांचा परिणाम जाणवायला साधारण सहा ते बारा तास जातात. दुपारी भाजायचं आणि रात्री दुखायचं. त्यात हवा शून्याखाली. आपण उन्हाळी देशातली माणसं, ऊन म्हणजे चटका हे आपल्या हाडात बसलेलं. चटका नाही म्हणजे ऊन नाही. बर्फात हा अनुभव पूर्ण उलटा पडतो. गारठ्याने नाक लाल झालेलं असतं आणि त्याच वेळी डोळे भाजत असतात.

ढगांचंही तसंच. पातळ ढगातून उजेड कमी होतो, ऊब कमी होते, पण अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतातच. उलट उजेड कमी म्हणून आपण डोळे जास्त उघडे ठेवतो.

आणि उंची. दर हजार मीटर चढलं की अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात, कारण त्यांना अडवणारी हवा विरळ होत जाते. मी वर आकडे का दिले ते आता लक्षात आलं असेल. लव्हलँडच्या नुसत्या पायथ्याशीच समुद्रकाठापेक्षा हे प्रमाण तिसाहून जास्त टक्क्यांनी चढतं.

पण सगळ्यांत मोठा गुन्हेगार बर्फच. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेले आकडे आहेत. माती, गवत, पाणी यांवर पडलेल्या अतिनील किरणांपैकी दहा टक्क्यांहून कमी परत उसळतात. समुद्रकाठची कोरडी वाळू साधारण पंधरा टक्के परत पाठवते, समुद्राचा फेस पंचवीस. आणि ताजा पडलेला बर्फ? ऐंशी टक्क्यांपर्यंत! म्हणजे एक सूर्य डोक्यावर आणि जवळजवळ दुसरा पायाखाली. देवाने आपल्याला भुवया दिल्या, वर पापणी दिली, डोळा खोबणीत ठेवला. ही सगळी तजवीज वरून येणाऱ्या उन्हासाठी आहे. टोपीची झडपही वरच्याच उन्हासाठी. खालून येणाऱ्याला अडवायला काही नाही. म्हणून गॉगल चहूबाजूंनी बंद लागतो, नुसता काळा चष्मा पुरत नाही. बाजूच्या आणि खालच्या फटीतून उजेड शिरतोच.

भूगोलाच्या बाईंना आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्की करणारे लोक डिसेंबर-जानेवारीत फार काळजी घेतात, कारण तेव्हा थंडी असते. मार्च-एप्रिलात हवा छान होते, मग सगळे सैलावतात. प्रत्यक्षात डोळ्यांना धोका मार्च-एप्रिलातच जास्त. डेन्व्हर चाळीस अक्षांशाच्या आसपास. डिसेंबरात तिथला दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम सत्तावीस अंश वर येतो. मार्चअखेर तो पन्नाशी गाठतो. आपल्या साताऱ्यात डिसेंबरात दुपारी सूर्य जिथे असतो, जवळजवळ तिथे. म्हणजे विचार करा, साताऱ्याचं हिवाळ्यातलं ऊन, वर दोन-तीन कळसूबाईंची उंची आणि खाली आरसा.

असो. दोन दिवस नातू काळोख्या खोलीत होता. मोबाइल नाही, टीव्ही नाही, पुस्तक नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला ही शिक्षा काळ्या पाण्याहून मोठी! मी पडदे ओढून, फटींना टॉवेल लावून त्याच्या उशाशी बसत असे. दर थोड्या वेळाने घडी बदलायची. मला अशा खोलीची सवय आहे. माझ्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. त्या काळी ऑपरेशननंतर डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवत आणि माणसाला दिवसच्या दिवस उताणं निजवत. मी शेजारी बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. काळोखात ते कसं जमायचं म्हणाल, तर दाराच्या फटीत बसून. नातवाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मलाही काहीतरी सांग." चौथी-पाचवीनंतर त्याने मला गोष्ट सांग म्हटल्याचं आठवत नाही.

मग मी त्याला दहा हजार ग्रीकांची गोष्ट सांगितली. झेनोफन नावाचा एक ग्रीक होता. इसवी सनापूर्वी ४०१ साली पर्शियाच्या गादीसाठी दोन भावांत लढाई झाली, त्यात तो भाडोत्री सैन्याबरोबर गेला होता. ज्याच्या बाजूने हे लढले तोच राजपुत्र मेला. मग परमुलखातून हजारो मैल पायी परत. वाटेत आर्मेनियाच्या डोंगरांत हिवाळ्याने गाठलं. झेनोफनने लिहून ठेवलंय की बर्फामुळे कित्येक सैनिकांचे डोळे गेले आणि ते मागे राहिले. आणि उपाय काय, तर चालताना डोळ्यांसमोर काहीतरी काळं धरायचं. त्याने ज्यांना फायदा झाला त्यांचे डोळे वाचले. चोवीसशे वर्षांपूर्वीचा गॉगल! नातवाने विचारलं, "जे मागे राहिले त्यांचं काय झालं?" इतिहासाच्या शिक्षकाला हा प्रश्न नेहमी अवघड जातो. मी म्हटलं, शत्रू मागेच होता. तो जरा वेळ गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशी नॉर्टनची गोष्ट. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत मॅलरी आणि आयर्विन नाहीसे झाले हे बहुतेकांना माहीत असतं. त्या मोहिमेचा नेता एडवर्ड नॉर्टन मात्र विसरला जातो. ४ जून १९२४ ला तो प्राणवायूच्या नळकांड्यांशिवाय अठ्ठावीस हजार फुटांच्या वर पोचला होता. वर खडक होता, बर्फ कमी. काळ्या खडकावर गॉगलची गरज नाही आणि त्याने पाय ठेवायची जागा नीट दिसत नाही, म्हणून त्याने तो काढून ठेवला. अगदी आमच्या नातवाचाच हिशेब! रात्री छावणीत डोळ्यांची आग सुरू झाली आणि पुढचे साठेक तास त्याला काहीही दिसत नव्हतं. ६ जूनला सकाळी मॅलरी आणि आयर्विन वर जायला निघाले तेव्हा नॉर्टन तिथेच तंबूत होता. त्याने हातात हात घेऊन निरोप दिला. चेहरे त्याला दिसले नाहीत. ते दोघं परत आलेच नाहीत.

ही गोष्ट मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली असेल, पण निरोपाचा हा भाग इतका हळू आवाजात कधी सांगितला नव्हता. नातवाच्या डोळ्यांवर ओली घडी होती त्यामुळे तो रडला की नाही ते कळलं नाही. माझं तुम्हाला सांगायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी उभा राहून बाहेरच्या झाडावरच्या खारी मोजत होता. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रंग घालून पाहिलं. एकही ठिपका नव्हता. एकदा असं झालं तर बहुधा काही मागे राहत नाही, त्या म्हणाल्या. पण वर्षानुवर्षं उघड्या डोळ्यांनी असं ऊन खाल्लं तर मात्र मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बुबुळावर मांसाचा पडदा सरकतो, ज्याला आपण वडस म्हणतो, तोही. आपल्या शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या डोळ्यांत वडस पुष्कळ दिसतो, तो याच उन्हाचा. हे कळायला मला कोलोरॅडोत जावं लागलं.

मग गॉगल खरेदी. मी मुद्दाम बरोबर गेले. दुकानातल्या मुलाला वाटलं असणार, नऊवारीतली ही म्हातारी स्की करणार की काय! (नऊवारी मी तिकडे थंडीत बंडीवर नेसते, फार उबदार असते. हा वेगळ्या लेखाचा विषय.) त्याने मात्र न कंटाळता सगळं दाखवलं. चष्मा लावणाऱ्यांसाठी खोल गॉगल वेगळे मिळतात, त्यांच्या फोममध्ये चष्म्याच्या काड्यांसाठी खाचा असतात. काच एकेरी नसते, दुहेरी असते, मध्ये हवा. थर्मासचं तत्त्व. आतली काच त्यामुळे गार पडत नाही आणि वाफ धरत नाही. ही युक्ती १९६५ च्या सुमारास बॉब स्मिथ नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरने काढली, आणि तो डॉक्टर डोळ्यांचा नव्हे, दात सरळ करणारा! त्याला स्कीचं वेड होतं आणि धुरकट काचांनी तो वैतागला होता. पुढे त्याची त्यावर कंपनीच उभी राहिली.

आणखी एक गोष्ट मला नवी होती. काच काळी आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवते असं मुळीच नाही. रंगाचा आणि त्याचा संबंध नाही. चांगल्या गॉगलची पॉलिकार्बोनेटची काच बिनरंगी असली तरी हे किरण अडवते. उलट स्वस्तातला नुसता काळा चष्मा, ज्यात ही सोय नाही, तो जास्त वाईट. काळोख झाला म्हणून डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि नको ते जास्त आत जातं. म्हणून 'यूव्ही ४००' लिहिलंय का ते बघायचं, काळेपणा बघायचा नाही. रंगाचं काम वेगळंच. शून्य ते चार असे त्याचे वर्ग असतात. लख्ख उन्हासाठी तिसरा वर्ग, तो आठ ते अठरा टक्केच उजेड आत सोडतो. चौथा त्याहून गडद, हिमनद्यांवर आणि फार उंचीवर जाणाऱ्यांसाठी. तो लावून मोटार चालवायला मनाई असते. आणि ढगाळ दिवसासाठी पिवळी किंवा गुलाबी, फिकट काच. ढगाळ हवेत बर्फावर सावल्याच नसतात, खड्डा आणि उंचवटा एकच दिसतो. फिकट पिवळ्या काचेने ते वेगळे कळतात. नातवाकडे गडदच काच होती, त्यामुळे त्या दिवशी तिच्यातून दिसत नव्हतं हेही खरं. आता दोन आहेत, अदलाबदल करायच्या.

वापरायचेही नियम आहेत. आतली बाजू बोटाने, रुमालाने पुसायची नाही, वाफ न धरणारा लेप निघून जातो. बर्फ आत गेला तर झटकायचा आणि वाळू द्यायचा. आणि मुख्य म्हणजे घामेजलेल्या कपाळावर किंवा ओल्या टोपीवर चढवून ठेवायचा नाही. तिथली सगळी वाफ काचेत जाते, मग तो परत डोळ्यांवर घेतला की धुरकटच. म्हणजे वर सरकवला की धुरकट, धुरकट म्हणून परत वर. हे चक्र आहे. एकदा लावला की लावलेला बरा, लिफ्टमध्येसुद्धा.

एप्रिलमध्ये गुडघे जरा बरे झाल्यावर मीही लव्हलँडला गेले. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असल्याने डॉक्टरीणबाईंनी मला नेहमीच्या चष्म्यावर चढवायचा, बाजूंनी बंद असलेला काळा चष्मा घ्यायला लावला होता. खाली लाकडी सज्जावर बाकं टाकलेली होती, तिथे बसले. निळं म्हणजे किती निळं आकाश असावं! आणि पांढरं म्हणजे किती पांढरं! एक क्षण चष्मा नाकावर खाली घेऊन पाहिलं आणि पाण्याने डोळे भरले, लगेच वर केला. समोरून शिकवणारी मुलं-मुली येत-जात होती. सगळ्यांचे चेहरे तांब्यासारखे भाजलेले आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा गोरा पट्टा. उलटा पांडाच! ते बघूनच कळावं की हे ऊन काय चीज आहे. तीन वर्षांच्या पोरांच्याही डोळ्यांवर गॉगल, एकही उघड्या डोळ्यांचं नव्हतं. लहान मुलांच्या डोळ्यातलं भिंग फार नितळ असतं, त्यांच्यात किरण आणखी आतपर्यंत जातात, म्हणून.

नातू वरून आला, माझ्यासमोर थांबला. चेहरा दिसत नव्हता, नुसती केशरी काच आणि तिच्यात मी. हात केला आणि पुन्हा लिफ्टकडे गेला.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझी भाची या डिसेंबरात मुलांना घेऊन मनालीला आणि नंतरच्या वर्षी गुलमर्गला जायचं म्हणतेय. मनालीच्या वाटेवर दुकानं आहेत, तिथे बर्फात घालायचा कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात. सगळे घेतात. डोळ्यांचं कोणी विचारत नाही. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा आपल्याला साधारण चार हजार मीटरवर, अफरवतच्या खांद्यावर नेऊन सोडतो. तेही जवळजवळ लव्हलँडच्या माथ्याएवढंच, आणि अक्षांशाने आणखी दक्षिणेला, म्हणजे सूर्य आणखी वर. स्की करा नाहीतर नुसते उभे राहून फोटो काढा, बर्फाला फरक पडत नाही. सायली, मुलांचे गॉगल इथूनच घेऊन जा गं. आणि फोटोसाठी काढायला लावू नकोस.

जाता जाता एक गंमत. काळोख्या खोलीतल्या दुसऱ्या दिवशी मी नातवाला इन्युइट लोकांच्या गॉगलबद्दल सांगितलं होतं. उत्तर ध्रुवाकडचे हे लोक शेकडो वर्षांपासून वाहून आलेल्या लाकडाचे, हाडाचे, वॉलरसच्या सुळ्याचे गॉगल करतात. काच नाहीच. नुसती आडवी बारीक चीर, आणि आतून काजळी फासलेली. काच नाही म्हणजे वाफ धरायचा प्रश्नच नाही! डोळे बरे झाल्यावर त्याने पुठ्ठ्याचा तसा एक करून मला दिला, दोरा लावून, आतून काळा रंगवून. मी गंमत म्हणून लावला आणि माझा चष्मा न लावताही भिंतीवरच्या कॅलेंडरवरचं वाचता आलं. बारीक फटीतून बघितलं की अंधुक दिसणारंही नीट दिसतं.

तो पुठ्ठ्याचा गॉगल मी साताऱ्याला घेऊन आलेय. चष्मा सापडत नसला की तोच लावून तिथी बघते. परवा गॅसवाला सिलेंडर घेऊन आला, मी तशीच दार उघडायला गेले. माझाच जुना विद्यार्थी तो. म्हणाला, "बाई, बरं आहे ना?"